वलांडीवरची चित्रं

हे लिहायचा मला कितपत अधिकार आहे, मला ठाऊक नाही. असल्यास थोडाच असेल, म्हणून आधीच क्षमा मागून ठेवतो. आमच्या घरात आजवर लिहिलं गेलं ते होडीच्या पुढच्या अंगावरचं नाव, आणि तेही पेंटरने रंगवलेलं. कॉलेजात जाणारा मी घरातला पहिला. ललित लेख काय असतो हे मी पालघरच्या कॉलेजच्या लायब्ररीत बसून वाचलं. त्या पुस्तकांमध्ये आंबे होते, नद्या होत्या, चांदणं होतं. सर्व्हर कुठेच नव्हता, आणि मोठ्या डोळ्यांची जपानी कार्टूनही नव्हती. माझ्याकडे मात्र आठवण आहे ती त्यांचीच. ती तशीच लिहितो.

परवा कॉलेजच्या फलकावर परीक्षेचं वेळापत्रक लागलं. मुलं फोटो काढायला पुढे सरकत होती. माझा विषय कधी आहे हे बघायच्या आधीच माझ्या नाकाला सुक्या बोंबलाचा वास आला. फलकापाशी बोंबील कुठून येणार. तो मागच्या वर्षीच्या मार्चचा वास होता.

आमच्या सातपाटीत पावसाळा सरला की किनाऱ्यावर वलांड्या उभ्या राहतात. बांबू रोवायचे, त्यांच्यावर आडव्या दोऱ्या ताणायच्या आणि त्या दोऱ्यांवर ओले बोंबील वाळत घालायचे, ही वलांडी. लांबून बघितलं तर पांढरट पडदे टांगलेत असं वाटतं. उत्तरेचा वारा सुटला की सगळा पडदा एका बाजूला झुकतो. माझी आई त्या पडद्याआड सकाळपासून उभी असते. मी अभ्यासाचं पुस्तक घेऊन तिथेच बसायचो, कारण घरापेक्षा तिथे वारा बरा. पुस्तकाच्या पानांना तो वास लागला. लायब्ररीत परत केलं तेव्हा मॅडमनी ते दोन बोटांनी धरलं होतं.

मला ॲनिमे, म्हणजे ती जपानी कार्टून, आवडतं, हे सांगायला मला अजूनही जरा अडखळायला होतं. लहानपणी टीव्हीवर हिंदीतून लागायचं तेव्हा सगळीच पोरं बघायची. मिसरूड फुटल्यावर बाकीच्यांनी सोडलं, मी नाही. मला त्यातला पाऊस आवडायचा, भाताच्या वाटीतून निघणारी वाफ आवडायची, कुणी काहीच बोलत नाही अशी दृश्यं आवडायची. समुद्राकाठची छोटी गावं तर अशी काढलेली असत की आपल्या जेटीवर कुणी येऊन बसून गेलं असावं. मी तशी चित्रं काढायला लागलो. नाकात नथ, डोक्यावर पाटी आणि डोळे मात्र कपाळापर्यंत मोठे, अशी मासळीवाली. माझ्या चुलतभावाने ते चित्र बघून विचारलं, "हिला काय दिसलं रं एवढं?"

कागदावरून कॉम्प्युटरवर मी आलो तो बोईसरला. शनिवार-रविवारी मी तिथे गुड्डूभाईंच्या दुरुस्तीच्या दुकानात बसायचो, अजूनही बसतो. गुड्डूभाई उत्तर प्रदेशचे. शेजारच्या कुंभवलीतल्या कारखान्यांत कामाला येणारे त्यांच्या गावचे लोक मोबाइल दुरुस्तीला त्यांच्याकडेच येतात. दुकानाच्या माळ्यावर कारखान्यांच्या ऑफिसांतून टाकून दिलेले कॉम्प्युटर रचलेले होते. त्यांतला एक मी खाली काढला.

"अरे भाई, ये डिब्बा कबाड़ में जाने वाला है," गुड्डूभाई म्हणाले. "इसमें तू क्या चलाएगा? पंखा?"

मी त्यात विंडोजच्या जागी लिनक्स घातलं, ते फुकट मिळतं आणि जुन्या डब्यावरही चालतं. एका दुपारचं काम होतं. मग चित्र काढायचं एक मुक्त सॉफ्टवेअर घातलं, मग हलती चित्रं बनवायचं दुसरं. गुड्डूभाई चहाचा ग्लास हातात धरून मागे उभे होते. पडद्यावर रेघ उमटली तेव्हा ते म्हणाले, "ज़िंदा है साला." आणि ग्लास माझ्याच हातात दिला.

मुक्त सॉफ्टवेअर कशाला म्हणतात हे मला वर्गात शिकवलं, ते मी पेपरात लिहून आलो. पण ते मला समजलं बाबांकडे बघून. बाबा जेटीवर बसून जाळं विणतात तेव्हा फाटलेला भाग मांडीवर घेतात, कुठला डोळा तुटला ते चाचपतात, आणि हवं तर डोळ्याचं मापही बदलतात. जाळं आपलं आहे, ते उसवून बघायला कुणाला विचारावं लागत नाही. मी वापरत होतो ते सॉफ्टवेअर तसं होतं. आतून उघडता येत होतं. मला सगळं कळत नव्हतं, पण उघडता येतंय एवढ्यानेच मला उंच झाल्यासारखं वाटायचं.

चित्रं दाखवायची कुठे, हा प्रश्न होता. इंटरनेटवर सगळे असतात त्या मोठ्या ठिकाणी मी आधी होतो. एके दिवशी माझं खातं बंद झालं. कारण लिहिलेलं नव्हतं, विचारायला माणूस नव्हता. तिथून शोधत शोधत मी फेडिव्हर्सवर आलो. हे समजावताना माझी नेहमी गडबड होते, तरी प्रयत्न करतो. सातपाटीचं बंदर वेगळं, केळव्याचं वेगळं, डहाणूचं वेगळं. प्रत्येकाची मच्छीमार सोसायटी आपली, नियम आपले, भांडणंही आपली. पण समुद्र एकच, आणि होडी एका बंदरातून निघून दुसऱ्यात लागू शकते. तसे इथे छोटे छोटे सर्व्हर असतात. कुणी एकटा चालवतो, कुणी दहा जण मिळून. एका सर्व्हरवरचा माणूस दुसऱ्यावरच्याशी बोलू शकतो. साऱ्या समुद्राचा मालक असा कुणी नाही.

मी ज्या सर्व्हरवर गेलो तो ॲनिमेची चित्रं काढणाऱ्यांचा होता. कुठल्याशा थंड देशातले एक गृहस्थ तो स्वतःच्या हौसेने चालवत. तिथे आम्ही मूठभर मराठी लोक एकमेकांना सापडलो. कोल्हापूरकडची एक नर्स होती, साताऱ्याकडचा एक ट्रॅक्टर मेकॅनिक होता. आम्ही त्या गृहस्थांना काका म्हणायचो. त्यांना अर्थ कळल्यावर त्यांनी आपल्या नावापुढे रोमनमध्ये 'काका' लावून घेतलं. तिथला एकच नियम कडक होता, कुणाला खरं नाव-गाव विचारायचं नाही.

माझ्या पहिल्या चित्राला पहिलं उत्तर आलं ते 'काजवा' असं नाव घेतलेल्या मुलीचं. "तुमच्या बाईचे डोले लय मोठे, पन पाटी बराबर हाय. वजन दिसतं." मला आजवर मिळालेली ती सर्वांत चांगली दाद आहे. ती स्वतः मोबाइलवर बोटाने काढायची, एका मुक्त ॲपमध्ये. कुडाची भिंत, नागली पेरलेला डोंगरउतार, टोपलीखाली झाकलेली पिल्लं, आणि या सगळ्यात उभी एक उडणाऱ्या केसांची योद्धी, हातात कोयता. ती डोंगराकडची आहे हे चित्रांवरूनच कळत होतं. आमच्याच जिल्ह्यातली, एवढं बोलण्यावरून. त्यापलीकडे मी विचारलं नाही. दिवाळी झाल्यावर तिने लिहिलं होतं, "आमी आता भट्टीवर जातो. तिथं रेंज नाय. होलीला घरी येऊ तवा टाकीन." विटभट्टीवर जाणारी कुटुंबं होळीला डोंगरात परत येतात, हे इथे सगळ्यांना माहीत आहे. मी लिहिलं, "ये. वाट बघतो."

मग हिवाळ्यात काकांनी सगळ्यांना कळवलं की सर्व्हर मार्चअखेर बंद होईल. त्यांना घरात म्हातारं माणूस होतं, वेळ पुरत नव्हता. त्यांनी फार सभ्यपणे लिहिलं होतं, म्हणून अधिकच वाईट वाटलं. आपापली चित्रं उतरवून घ्या आणि दुसरीकडे घर बघा, असं त्यांचं म्हणणं. घर बदलता येतं, सोबतचे लोकही नव्या पत्त्यावर आणता येतात, पण त्यासाठी जुनं घर चालू असतानाच निघावं लागतं. ते बंद झाल्यावर मागे राहिलेला माणूस आणि त्याची चित्रं, दोन्ही गेली. खरं नाव कुणाला माहीत नाही, फोन नंबर नाही. शोधणार कुठे.

त्या संध्याकाळी मी जेवत नव्हतो. बाबांनी विचारलं, तेव्हा जमेल तसं सांगितलं.

"मंजे बर्फाचा कारखाना बंद पडला," बाबा म्हणाले.

"हो. तसंच."

"मग तुमी सोसायटी करा. होड्या तर तुमच्याच हायत ना?"

मला ते इतकं सोपं वाटलं की मी भात संपवला. आमच्या गावात बर्फ आणि डिझेल सोसायटीचं असतं, कुणा एका होडीवाल्याचं नसतं, हे बघतच मी मोठा झालो होतो. तरी ते इथे लागू होईल असं माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी आमच्या लोकांना घाबरत घाबरत लिहिलं की आपण आपला सर्व्हर चालवू, सगळ्यांचा मिळून. कोल्हापूरची नर्स म्हणाली, नियम मी लिहिते. मेकॅनिक म्हणाला, मला काही येत नाही पण मी आहे. दुसऱ्या दिवशी बाबांना सांगितलं.

"अध्यक्ष कोन?"

"कुणी नाही. सगळे सारखे."

"अध्यक्ष नाय तर मग शिव्या कुनाला घालनार?" त्यांना खरीच काळजी वाटत होती.

गुड्डूभाईंच्या माळ्यावरचा दुसरा डबा सर्व्हर झाला. इंटरनेट बोईसरला चांगलं म्हणून तो दुकानातच ठेवला, गणपतीच्या फोटोखाली. फोटो आधीच्या भाडेकरूचा, गुड्डूभाईंनी काढला नव्हता. डबा सतत घुरघुरायचा. गिऱ्हाईकं विचारायची. गुड्डूभाई सांगायचे, "इसमें लोग रहते हैं." मग माझ्याकडे बघून, "रहते हैं ना?"

नाव 'वलांडी' ठेवलं, मीच सुचवलं. चित्रं टांगायची जागा, म्हणून.

स्थलांतराचा दिवस ठरवायचं काम माझ्यावर आलं, आणि मी काय करावं? मी अष्टमीची भांग धरली. भांगेला भरती-ओहोटीचा जोर नसतो, पाण्याला ओढ नसते, जाळी भरत नाहीत. म्हणून होड्या किनाऱ्याला असतात आणि माणसं मोकळी असतात. लग्नाची बोलणी, घराची शाकारणी, सगळं आमच्याकडे भांगेला. मी फार विचारपूर्वक तारीख काढली आणि लिहिलं की त्या दिवशी सकाळी सगळे मोकळे असतील. तो मंगळवार होता. नर्स ड्युटीवर होती, मेकॅनिक ट्रॅक्टरखाली होता, बाकीचे ऑफिसांत आणि कॉलेजांत. नव्या घरात मी आणि एक घुरघुरणारा डबा, आम्ही दोघेच. नर्सने दुपारी लिहिलं, "दादा, समुद्र मोकळा असेल रे. माझा वॉर्ड भरलाय."

मी किनाऱ्यावर जाऊन बसलो. आई बोंबील घालत होती. एक बोंबील कधी दोरीवर घालत नाहीत, एकटा तो वाऱ्याने पडतो. दोन घ्यायचे, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि दोरीवर टाकायचं, एक अलीकडे, एक पलीकडे. दोघे एकमेकांना धरून राहतात. आईचे हात हे बघतही नव्हते, ती शेजारणीशी भावजयीबद्दल बोलत होती. मी हे जन्मभर पाहिलंय. त्या दिवशी पाहताना उठून उभा राहिलो.

"काय रे, चावलं काय?" आई म्हणाली.

"नाय आये. जातो."

मी लिहिलं की आता एक तारीख नाही. जोड्या लावू. प्रत्येकाने आपल्याला जमेल तेव्हा निघायचं, पण आपला जोडीदार पलीकडे पोचला की नाही हे बघितल्याशिवाय आपलं काम झालं असं म्हणायचं नाही. नर्सने मेकॅनिकला घेतलं. त्याला कुठलं बटण दाबायचं हे ती एकेक निरोप लिहून, नाव न विचारता, समजावत बसली. काजव्याची जोडी मी माझ्याकडे घेतली. ती होळीला येणारच होती.

ते दिवस अजून डोळ्यांसमोर आहेत. मी किनाऱ्यावर बसून अर्थशास्त्र वाचायचो, मध्येच मोबाइल बघायचो, आणि वलांडीवर एक एक चित्र येऊन टांगलं जायचं. रेल्वे फाटकात थांबलेला रोबोट. उसाच्या फडातला ड्रॅगन, त्याला पाचटाची खाज सुटलेली. वडाच्या पारावर चहा पिणारे सामुराई. परक्या सर्व्हरांवरून लोक बघायला यायचे. दूर ब्राझीलमधल्या कुणीतरी माझ्या मासळीवालीखाली लिहिलं की आमच्याकडेही बायका अशीच पाटी नेतात. मी ते आईला वाचून दाखवलं. तिने हात पदराला पुसले, मोबाइल हातात घेतला आणि विचारलं, "तिकडं पापलेटाला काय भाव हाय, विचार."

मी विचारलंसुद्धा.

होळी आली. आमच्या गावात होळी मोठी. कोळीवाड्यात ढोल वाजत होते, मी मोबाइल खिशात धरून उभा होतो. काजवा आली नाही. दुसऱ्या दिवशी नाही, त्यानंतरही नाही. दुकानात डोंगरातला, विक्रमगडकडचा एक माणूस चार्जर घ्यायला आला होता, त्याला मी सहज विचारल्यासारखं विचारलं, भट्टीवरची माणसं आली का. तो म्हणाला, "यंदा बरीच मानसं नाय आली. लांबच्या भट्टीवर गेलीत, शेठनं सोडली नाय."

मी तिच्या जुन्या पत्त्यावर रोज एक ओळ लिहून ठेवायचो. चित्रं उतरवून घे. आम्ही इकडे आहोत. हा पत्ता. तिची चित्रं मी माझ्याकडे उतरवून घेऊ शकलो असतो, पण तिला न विचारता ते बरं वाटेना. काकांना लिहिलं की एका मुलीसाठी थोडं थांबता येईल का. त्यांनी जमेल तितके दिवस थांबवलं. मग एका सकाळी जुनं घर उघडेना. काकांनी तिथे नुसतं एक पान ठेवलं होतं, त्यावर मराठीत एक ओळ, कुठूनतरी शिकून लिहिलेली: "सगळे वलांडीवर गेले." खाली आमचा पत्ता.

सगळे गेले नव्हते. माझ्या पेपरांमध्ये ते मनात राहायचं. उत्तरपत्रिकेच्या पहिल्या पानावर स्वतःचं नाव लिहिताना वाटायचं, मी जिच्यासाठी थांबलोय तिचं नावही मला माहीत नाही. लोक मला शाबासकी देत होते. वलांडी उभी राहिली, चालली, कुणा मोठ्याच्या मेहरबानीवाचून चालली. मला अभिमान होता, आजही आहे, तो मी लपवत नाही. टाकून दिलेला डबा, फुकट वाटलेली अक्कल, जोडीने चाललेली माणसं. एवढ्यावर आमचं हे नवं गाव उभं आहे. पण जोडीचा नियम मीच केला होता, आणि त्या नियमाने माझं काम झालं नव्हतं.

आज वर्ष होत आलं. वलांडीवर आता पुष्कळ लोक आहेत. परवा नर्सने नवा नियम सुचवला, त्यावर तीन दिवस भांडण चाललं. बाबांना सांगितलं तेव्हा ते समाधानाने म्हणाले, "आता खरी सोसायटी झाली." गुड्डूभाई स्वतः तिथे आलेत, गावाकडच्या आपल्या म्हशीचे जुने फोटो टाकतात, आणि ॲनिमेवाले त्या म्हशीला मोठे डोळे काढून परत पाठवतात. हे सगळं चालू असताना मी फलकापाशी उभा राहतो, वेळापत्रकाचा फोटो काढतो, आणि मन मात्र मागच्या मे महिन्यातल्या त्या दुपारी जातं.

त्या दिवसांत वादळी वारा झाला होता आणि बोईसरला आमच्या बाजूची वीज दोन दिवस नव्हती. डबा बंद, वलांडी बंद. फेडिव्हर्सची एक गोष्ट मला तोवर नुसती वाचून माहीत होती. एका सर्व्हरने दुसऱ्याला निरोप पाठवला आणि दार बंद असलं, तर तो निरोप टाकून देत नाही. थांबतो, थोड्या वेळाने परत हाक मारतो, मग आणखी थोड्या वेळाने. तिसऱ्या दिवशी दुपारी वीज आली. मी दुकानातच होतो. गुड्डूभाईंनी शटर अर्धं वर केलं, मी डब्याचं बटण दाबलं. घुरघुर सुरू झाली. मग दोन दिवस बाहेर ताटकळलेले निरोप एकामागून एक आत यायला लागले. कुणाची चित्रं, कुणाची चौकशी, ब्राझीलवरून पापलेटासारख्या कुठल्याशा माशाचा भाव.

त्यांच्यात एक निरोप अनोळखी सर्व्हरवरून होता. जगाच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी पक्षी बघणाऱ्यांसाठी चालवलेला सर्व्हर. सोबत चित्र होतं: भट्टीचा धूर, विटांची रास आणि राशीवर उभी ती केस उडणारी योद्धी.

"गुड्डूभाई," मी म्हणालो. पडदा त्यांच्याकडे वळवला.

ते जवळ आले, पडद्याकडे बघितलं. त्यांना मराठी वाचता येतं, हळूहळू. त्यांनीच मोठ्याने वाचलं, अडखळत, एकेक शब्द.

"मी काजवा. आमी कालच भट्टीवरनं घरी आलो. तुमची वलांडी उघडत नव्हती म्हनून इकडं पाखरांच्या गावात घर घेतलं. भट्टीजवल बाजार भरतो तिथं रेंज होती, तिथं तुमच्या ओली वाचल्या. बाजारात बसूनच माझी सगली चित्रं उतरवून घेतली, एक पन गेलं नाय, पन तुमाला लिवायच्या आधी मोबाइल बंद पडला. पीठ घ्यायचं इसरले, आई लय बोलली. तवापासून तुमचीच कालजी. जुनं घर बंद झालं, वलांडी पन बंद. तुमी सगले पोचलात ना?"